साम्राज्य कोसळल्यावर वारस कोण?

अमेरिकन धनकुबेरांना आणि त्यांच्या राजकीय पाठीराख्यांना एका जुन्या कादंबरीत्रयीविषयी विलक्षण ममत्व वाटत आले आहे. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी इलॉन मस्क यांच्या कंपनीने 'फाल्कन हेवी' हा अग्निबाण प्रथमच सोडला, तेव्हा त्याच्यासोबत मस्क यांची स्वतःची मोटार सूर्याभोवती फिरावयास पाठविण्यात आली. आणि त्या मोटारीत क्वार्ट्‌झच्या एका चिमुकल्या तबकडीवर आयझॅक असिमोव्ह यांची 'फाउंडेशन' त्रयी कोरून ठेवलेली होती. रिपब्लिकन पक्षाचे नेते आणि प्रतिनिधीगृहाचे एकेकाळचे सभापती न्यूट गिंग्रिच यांनीही या ग्रंथाचे ऋण मान्य केले आहे. रिपब्लिकनांचे कडवे टीकाकार असलेले नोबेल विजेते अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन हेही सांगतात की याच पुस्तकामुळे आपण अर्थशास्त्राकडे वळलो. २०२१ पासून ॲपल कंपनीने त्यावर चित्रमालिका काढली. मक्तेदार भांडवलदार, उजवा राजकारणी आणि उदारमतवादी पंडित या तिघांना एकच ग्रंथ सारखाच प्रिय व्हावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, डाव्या चळवळीतील आमच्या काही मित्रांनाही या त्रयीत आपलेच काहीतरी सापडल्याचा भास होतो. ते म्हणतात, 'यात इतिहासाला नियम आहेत, व्यक्तीपेक्षा समुदाय मोठा आहे, साम्राज्याचा नाश अटळ आहे. हा वेष पालटलेला ऐतिहासिक भौतिकवादच नव्हे काय?' हा समज नवा नाही. अमेरिकन संपादक डोनाल्ड वोल्हाइम यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात असिमोव्ह यांच्या कल्पनेचा संबंध मार्क्सवादाशी जोडला होता. चार्ल्स एल्किन्स यांनी १९७६ साली त्याला उत्तर देताना म्हटले की हा ऐतिहासिक भौतिकवाद खरा, पण मोडून-वाकवून चक्राकार केलेला. आमच्या मते एल्किन्स फार सौम्य बोलले. हे लिखाण मस्कसाहेबांसाठी नाही; त्यांना आपले हित कशात आहे ते उत्तम कळते. ते आमच्या त्या मित्रांसाठी आहे.

प्रथम कथा थोडक्यात. आकाशगंगेतील अडीच कोटी वसलेल्या ग्रहांवर बारा हजार वर्षे एका सम्राटाचे राज्य आहे. ट्रँटॉर ही त्याची राजधानी. सबंध ग्रह धातूने मढविलेला, चाळीस अब्ज वस्ती, आणि या वस्तीचा व्यवसाय एकच, राज्यकारभार. तिचे अन्न वीस शेतकरी ग्रहांवरून रोज जहाजांच्या तांड्यांनी येते. हॅरी सेल्डन नावाचा गणिती 'मनोइतिहास' या शास्त्राच्या आधारे सांगतो की हे साम्राज्य कोसळणार, आणि मागोमाग तीस हजार वर्षांचे अंधारयुग येणार. ते टाळता येणार नाही. मात्र हजार वर्षांपर्यंत आखूड करता येईल. त्यासाठी तो आकाशगंगेच्या कडेला, टर्मिनस नावाच्या ग्रहावर एक लाख माणसांची वसाहत पाठवितो. सांगण्यापुरते तिचे काम विश्वकोश रचण्याचे. खरे काम दुसऱ्या साम्राज्याचे बीज होण्याचे. पन्नास वर्षे त्या बिचाऱ्या कोशकारांनाच याचा पत्ता नसतो!

वाचकांनी येथेच थांबून विचारावे: अंधारयुग कोणाच्या दृष्टीने? ट्रँटॉरच्या चाळीस अब्ज कारकुनांच्या दृष्टीने ते अंधारयुग असेल. ज्या वीस ग्रहांचे धान्य रोज उचलले जात होते, त्यांच्या कुणब्यांच्या दृष्टीने काय? त्यांच्या तोंडी लेखकाने एकही वाक्य घातलेले नाही. कर कोण भरीत होते, खाणी कोण खणीत होते, त्या जहाजांत माल कोण चढवीत होते, याविषयी सबंध त्रयी मौन पाळते. साम्राज्य का कोसळते याची कारणे सेल्डन देतो: नोकरशाही माजली, पुढाकार मेला, जातिबंधने घट्ट झाली, जिज्ञासा आटली. ही सारी लक्षणे झाली. ज्वराचे कारण अंग तापणे हे सांगण्यासारखेच हे आहे. उत्पादनसंबंध हा शब्द सोडाच, उत्पादनच या साम्राज्यात कोठे दिसत नाही.

याचे मूळ शोधणे कठीण नाही. १ ऑगस्ट १९४१ रोजी एकवीस वर्षांचे असिमोव्ह न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने संपादक जॉन कॅम्पबेल यांच्या कचेरीकडे निघाले असताना त्यांना ही कल्पना सुचली, हे त्यांनीच सांगितले आहे. डोक्यात होता गिबन यांचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास. आता हे गिबन कोण? ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद. त्यांचा पहिला खंड निघाला १७७६ साली, म्हणजे ज्या वर्षी अमेरिकन वसाहतींनी इंग्लंडच्या राजाला झुगारले त्याच वर्षी, आणि त्या झगड्यात गिबन सरकारपक्षाकडे होते. रोमच्या नाशाकडे त्यांनी रोमच्या सज्जातून पाहावे हे स्वाभाविकच आहे. त्या सज्जातून गुलामांचे मळे दिसत नाहीत, गॉलमधील बगौदी शेतकऱ्यांचे उठाव हे लुटारूंचे दंगे वाटतात, आणि सरहद्दीपलीकडचा प्रत्येक माणूस रानटी ठरतो. तोच सज्जा असिमोव्ह यांनी आकाशात नेऊन बसविला. टर्मिनसच्या शेजारची अ‍ॅनाक्रिऑन, स्मिर्नो इत्यादी राज्ये साम्राज्यातून फुटून निघतात, आणि फुटताक्षणी अणुशक्ती विसरून कोळसा-तेलावर येतात. स्वतंत्र होणे म्हणजे रानटी होणे, हा या कथेतील पहिला नियम आहे. आणि तो सेल्डनच्या गणिताहूनही अचूक चालतो.

आता काळ पाहा. मालिकेतील पहिली गोष्ट 'अस्टाउंडिंग' मासिकात मे १९४२ मध्ये आली आणि शेवटची जानेवारी १९५० मध्ये संपली. १९४२ च्याच फेब्रुवारीत सिंगापूर पडले होते, मार्चमध्ये रंगून. त्यानंतरच्या आठ वर्षांत जगात प्रत्यक्ष काय घडले? १९४७ साली भारत व पाकिस्तान, १९४८ साली ब्रह्मदेश व सिलोन स्वतंत्र झाले; ऑक्टोबर १९४९ मध्ये चिनी जनतेचे प्रजासत्ताक घोषित झाले; त्या डिसेंबरात डचांना इंडोनेशियाचे सार्वभौमत्व सोडावे लागले. मानवी इतिहासातील साम्राज्यांचा सर्वांत मोठा कोसळा लेखकाच्या खिडकीबाहेर चालू होता, आणि लेखक साम्राज्याच्या कोसळण्याची कहाणी लिहीत होता. तरीसुद्धा बाहेरची एक हाक त्या कहाणीत शिरली नाही. आम्ही येथे व्यक्तीला दोष देत नाही. जो वर्ग त्या साम्राज्यांच्या जागी आपले दुकान मांडण्याच्या तयारीत होता, त्या वर्गाच्या देशात बसून ही गोष्ट लिहिली जात होती. त्या वर्गाला इंग्रजांच्या जागी येणारा वारस हवा होता, वारसाहक्कच रद्द करणारा नको होता.

या दृष्टीने एक प्रसंग मुद्दाम पाहण्याजोगा आहे. जून १९४२ च्या गोष्टीत अ‍ॅनाक्रिऑनचा राजप्रतिनिधी वीनिस टर्मिनसवर आरमार सोडतो. टर्मिनसचा नगराध्यक्ष साल्वॉर हार्डिन याने शेजारी राज्यांना अणुशक्ती दिलेली असते ती धर्माच्या वेष्टनात: यंत्र म्हणजे देवाचा प्रसाद, तंत्रज्ञ म्हणजे पुरोहित. ऐन वेळी नौकेवरचा पुरोहित थिओ अ‍ॅपोरॅट नौकेला शाप देतो, दिवे विझतात, आणि भेदरलेले खलाशी बंड करून सेनापतीलाच पकडतात. युद्ध टळते. मोठ्या चतुराईने रचलेला प्रसंग आहे, यात शंका नाही. पण त्या खलाशांना नाव नाही, गाऱ्हाणे नाही, मागणी नाही. ते बंड करतात कारण त्यांना अंधाराचे भय वाटते.

हा प्रसंग छापला गेल्यावर चार वर्षे पुरी होण्यापूर्वी, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी, खऱ्याखुऱ्या कोसळत्या साम्राज्याच्या आरमारात खरेखुरे बंड झाले. ते मुंबईच्या 'तलवार' या नाविक तळावर झाले. तेथेही खलाशी होते, आणि तेथे त्यांना मागण्या होत्या: खाण्याजोगे अन्न द्या, गोऱ्या नाविकांइतका पगार द्या, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा, इंडोनेशियात पाठविलेले हिंदी सैन्य माघारी आणा. ही शेवटची मागणी नीट वाचा. एका वसाहतीतला अर्धपोटी खलाशी दुसऱ्या वसाहतीच्या मुक्तीसाठी काम थांबवीत होता. तळावरच्या भिंतींवर बी. सी. दत्त यांनी घोषणा रंगविल्या होत्या. त्यांस कोणा पुरोहिताने कानमंत्र दिलेला नव्हता. बंड अठ्ठ्याहत्तर जहाजांवर पसरले. काँग्रेसचा, लीगचा आणि लाल असे तीन झेंडे एकत्र चढले. २२ फेब्रुवारीला मुंबईचा गिरणी कामगार त्यांच्या पाठीशी रस्त्यावर उतरला, आणि परळमध्ये कॉम्रेड कमल दोंदे गोळीला बळी पडल्या. त्या दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसे मारली गेली. बंड संपले ते पुढाऱ्यांच्या सल्ल्याने, २३ तारखेला शस्त्रे खाली ठेवून. त्या सल्ल्याचा हिशेब हा वेगळा विषय आहे. येथे मुद्दा इतकाच की मनोइतिहासाच्या कोणत्याही समीकरणात ही माणसे बसत नाहीत.

ती का बसत नाहीत हे सेल्डननेच सांगून ठेवले आहे. त्याच्या शास्त्राच्या दोन अटी आहेत. समुदाय पुरेसा प्रचंड असावा, ही एक. आणि त्या समुदायाला आपल्याविषयीचे भाकीत कळता कामा नये, ही दुसरी. असिमोव्ह रसायनशास्त्राचे विद्यार्थी होते. वायूच्या रेणूंची उपमा त्यांनी येथे आणली. एक रेणू कोठे जाईल ते सांगता येत नाही, कोट्यवधी रेणूंचा दाब मात्र अचूक मोजता येतो. ठीक. पण रेणू सभा घेत नाहीत. ते पत्रक छापत नाहीत, फसलेल्या संपापासून धडा घेत नाहीत, पिंजऱ्याच्या भिंती कोणी बांधल्या असे विचारीत नाहीत. जो समुदाय आपली स्थिती जाणून तीच स्थिती बदलावयास उठतो त्याला आपण वर्ग म्हणतो, आणि असा समुदाय अस्तित्वात येता क्षणी सेल्डनचे शास्त्र त्याच्याच दुसऱ्या अटीनुसार कोलमडते. मार्क्सवादाचे सगळे काम नेमके येथून सुरू होते. १८४८ चा जाहीरनामा हा जाहीरनामा होता, तिजोरीतला गुप्त कागद नव्हता. गिरणगावच्या चाळीत दिव्याखाली बसून ज्यांनी अभ्यासवर्ग चालविले, ते भाकीत कामगारांपासून लपविण्यासाठी नव्हे, कामगारांनी ते स्वतः खरे करावे यासाठी. एका शास्त्राची अट अज्ञान आणि दुसऱ्याची अट ज्ञान. आणि आमचे मित्र म्हणतात दोन्ही एकच!

यात असिमोव्ह यांची ताकद कोठे आहे तेही सांगितले पाहिजे, नाहीतर टीका अन्यायाची होईल. ती ताकद व्यापाऱ्यांच्या प्रकरणात आहे. पुरोहितांचे राज्य जुने झाल्यावर टर्मिनसचा व्यापारी होबर मॅलो पुढे येतो. तो म्हणतो, धर्म नको, देवळे नकोत. नुसता माल विका. कोरेल राज्याच्या घराघरांत टर्मिनसची अणुयंत्रे शिरतात, कारखाने त्यांवर चालू लागतात. युद्ध पेटते तेव्हा मॅलो लढतच नाही. तो फक्त सुटे भाग पाठविणे बंद करतो. घरातील सुऱ्या बोथट होतात, गिरण्या एकेक करून थांबतात, आणि तीन वर्षांत कोरेल शरण येते. ही गोष्ट छापली गेली ऑगस्ट १९४४ च्या अंकात. आदल्याच महिन्यात ब्रेटन वूड्‌स येथे चव्वेचाळीस देशांचे प्रतिनिधी जमून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया घालून गेले होते! तोफेऐवजी सुट्या भागाने, गव्हर्नरऐवजी कर्जाच्या अटीने राज्य करण्याची रीत, म्हणजे पुढे घानाचे क्वामे एन्क्रुमा यांनी १९६५ साली ज्याला नववसाहतवाद म्हणून ग्रंथ लिहिला ती रीत, येथे इतक्या स्वच्छपणे दिसते की वाटावे लेखकाने ती उघडी पाडण्यासाठीच गोष्ट लिहिली. तसे नाही. लेखक टाळ्या वाजवीत आहे. मॅलो हा त्याचा नायक आहे. कोरेलची गिरणी बंद पडल्यावर तेथला कामगार काय खातो हे विचारण्याची मॅलोला गरज नाही आणि लेखकालाही नाही. क्यूबावर १९६२ पासून लादलेली नाकेबंदी ज्यांनी सोसली, त्यांना मॅलोचा विजय असा हसतमुखाने वाचता येणार नाही.

आणि अखेर कोसळ्यानंतर काय उरते? ट्रँटॉर लुटले जाते. मग जे लोक तेथे राहतात ते काय करतात? धातूचे पत्रे उखडतात, बारा हजार वर्षे झाकलेली माती मोकळी करतात, धातू विकून बी-बियाणे आणि गुरे आणतात, आणि शेती करू लागतात. आमच्या मते संपूर्ण त्रयीत साम्राज्याच्या नाशाचे एवढेच एक खरे चित्र आहे. हीच माणसे पुढच्या इतिहासाची नायक व्हावयास हवी होती. त्यांच्यापैकी एकाला, ट्रँटॉरच्या शेतकी सहकारी संस्थेचा प्रतिनिधी प्रीम पाल्व्हर याला, शेवटच्या भागात महत्त्वाची भूमिका मिळते आणि वाचकाची आशा पल्लवित होते. परंतु अखेरच्या पानावर कळते की हा शेतकरी नव्हेच. तो गुप्त 'दुसऱ्या फाउंडेशन'चा प्रमुख आहे. माणसांच्या मनांत हात घालून त्यांना वळविणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचा मुख्य सूत्रधार. (सहकारी संस्थेच्या टोपीखाली राज्यकर्ता बसलेला असतो, याचे महाराष्ट्रातील वाचकाला फारसे नवल वाटणार नाही.) आणि या मंडळाचा हेतू काय? येणाऱ्या दुसऱ्या साम्राज्यात हेच मनःशास्त्री शासक वर्ग व्हावयाचे आहेत. हे लोकांना आवडणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून तर गुप्तता. एका साम्राज्याचा अंत झाला तो दुसऱ्या साम्राज्यासाठी, आणि हजार वर्षांच्या उलथापालथीत बदलला तो फक्त सिंहासनावरचा माणूस. मस्कसाहेबांना या त्रयीत आपला चेहरा का दिसतो हे येथे पुरेसे स्पष्ट व्हावे. आकाशात वसाहत पाठविणारा, सामान्यांना न सांगता त्यांचे भवितव्य ठरविणारा, आणि त्याबद्दल त्यांच्याकडूनच कृतज्ञता मागणारा हुशार पुरुष!

व्यक्ती म्हणून असिमोव्ह यांना या मंडळींच्या रांगेत बसविणे मात्र चूक होईल. रशियातील पेट्रोविची गावी जन्मलेले, तीन वर्षांचे असताना अमेरिकेत आलेले, ब्रुकलिनमध्ये बापाच्या गोळ्या-चॉकलेटांच्या दुकानात खपलेले हे स्थलांतरिताचे पोर होते. तरुणपणी ते ज्या 'फ्युचुरियन' मंडळात वावरले त्यात कम्युनिस्टही होते. १९६८ साली 'गॅलक्सी' मासिकात विज्ञानकथालेखकांच्या दोन जाहिराती समोरासमोर आल्या, एक व्हिएटनाम युद्धाच्या बाजूने आणि एक विरोधात. असिमोव्ह विरोधकांत होते आणि ज्यांच्या कचेरीत 'फाउंडेशन' जन्मली ते कॅम्पबेल युद्धवाद्यांत. गुलामगिरीचेही समर्थन करणाऱ्या या संपादकाच्या नावाने दिले जाणारे पारितोषिक अखेर २०१९ साली नाव बदलून घेते झाले. तेव्हा प्रश्न माणसाच्या सज्जनपणाचा नाही. सज्जन माणूसही ज्या वर्गाच्या चष्म्यातून पाहतो त्यातून जे दिसते तेच लिहितो.

'मग तुमच्याकडे काय आहे?' असे विचारले जाईल, आणि ते रास्त आहे. इव्हान येफ्रेमोव्ह यांची 'अँड्रोमिडा' १९५७ साली, स्पुटनिकच्या वर्षी आली. तीत साम्राज्य नाही. ग्रहाग्रहांतील जनता महावलयातून परस्परांशी ज्ञानाची देवघेव करते. उदात्त पुस्तक आहे, पण आपला विषय त्यात टाळला आहे हे कबूल केले पाहिजे. जुने जग कसे गेले, सत्ता कोणी कशी घेतली, काय किंमत पडली, याची हकीकत येफ्रेमोव्ह मागच्या शतकांवर ढकलून देतात आणि आपल्याला थेट स्वच्छ, उजळ दिवाणखान्यात आणून सोडतात. स्त्रुगात्स्की बंधूंची १९६४ ची 'देव होणे कठीण' ही कादंबरी अधिक प्रामाणिक आहे. तीत कम्युनिस्ट पृथ्वीचा एक निरीक्षक मध्ययुगीन ग्रहावर सरदार रुमाटाच्या वेषात राहतो. त्याच्यापाशी सेल्डनच्या वारसांइतकीच शक्ती आहे. तो तेथल्या जुलमी राज्यकर्त्यांना एका रात्रीत नष्ट करू शकतो. पण ज्या जनतेने आपली बेडी स्वतः तोडलेली नाही तिला वरून स्वातंत्र्य दिले तर ते किती दिवस टिकेल, हा प्रश्न त्याला झोपू देत नाही. अखेर तो तलवार उपसतो, तीही इतिहास घडविण्यासाठी नव्हे, प्रिय माणूस मारले गेल्यावर. पुस्तक तेथेच थांबते, उत्तर देत नाही. हार्डिन, मॅलो किंवा पाल्व्हर यांना असा प्रश्न एकदाही पडत नाही.

आणि असिमोव्ह यांचे स्वतःचे काय झाले? तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १९८२ साली, ते या कथेकडे परतले. तोवर सेल्डनच्या हजार वर्षांपैकी सुमारे पाचशे झाली होती. आता पुढचा मार्ग ठरविण्याची वेळ आली, आणि तो ठरविण्याचे काम कोट्यवधी ग्रहांच्या जनतेवर न सोपविता गोलान ट्रेव्हीझ नावाच्या एकट्या माणसाच्या अंतःप्रेरणेवर सोपविण्यात आले. १९८६ च्या पुढील कादंबरीत कळते की त्याच्याही मागे, हजारो वर्षे, एक यंत्रमानव सूत्रे हलवीत होता. रक्षकाच्या मागे रक्षक, त्याच्या मागे आणखी रक्षक. येथून पुढे कथा सरकली नाही. १९८८ चे पुस्तक आणि १९९२ साली ते वारल्यानंतर १९९३ मध्ये निघालेले शेवटचे पुस्तक, ही दोन्ही मागे वळून सेल्डनच्या उमेदीच्या वर्षांत गेली, साम्राज्य अजून उभे होते त्या दिवसांत. उरलेली पाचशे वर्षे त्यांनी लिहिलीच नाहीत.